जुना टीव्ही गेम नव्या टीव्हीवर दिसत नाही? मशीन भंगारात देण्याआधी हे तपासा

माळ्यावरून काढलेला टीव्ही गेम, प्लेस्टेशन किंवा जुना कॉम्प्युटर घरातल्या एलईडी टीव्हीला जोडला, पण चित्र येत नाही. ही तक्रार घेऊन ठाण्यात नौपाड्याला माझ्याकडे दर महिन्याला कोणी ना कोणी येतंच. मी रबाळ्याला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी करते आणि रविवारी घरी ही कामं बघते. आजवर जी मशीन आली त्यातली बहुतेक ठणठणीत होती. ती काय सांगतायत ते टीव्हीला कळत नव्हतं, एवढंच. म्हणून एक कळकळीची विनंती, खाली लिहिलेलं एकदा करून बघितल्याशिवाय मशीन भंगारवाल्याला देऊ नका.

लक्षणं

तुमच्याकडे नक्की काय होतंय ते आधी नीट बघून घ्या. पुढे काय तपासायचं ते त्यावरून ठरतं.

- मशीनचा दिवा लागतो, टीव्हीवर 'नो सिग्नल'.
- टीव्हीवर नुसता निळा किंवा काळा पडदा, 'नो सिग्नल' अशी अक्षरंही नाहीत.
- चित्र येतं पण कृष्णधवल.
- चित्र नाही, स्पीकरमधून मात्र सतत घर्रर्र.
- चित्र दर काही सेकंदांनी जातं आणि परत येतं.
- चित्रावरून आडवा गडद पट्टा हळूहळू सरकत राहतो.
- हलणाऱ्या आकृत्यांच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसतात, लुकलुकणारा खेळाडू मध्येच गायब होतो.
- कॉम्प्युटरचं विंडोज दिसतं, पण त्याआधीचं काळं अक्षरांचं पान दिसत नाही.

सगळ्यात आधी अ‍ॅडॅप्टर वाचा

याला पैसे लागत नाहीत आणि वेळ लागतो एक मिनिट. तरीही हे पहिलं, कारण पुढच्या बहुतेक चुकांनी मशीन मरत नाही, या चुकीने मरतं.

अमेरिकेतून कोणी मशीन आणलं असेल तर अ‍ॅडॅप्टरवर इनपुट १२० व्होल्ट लिहिलेलं असतं. ते आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातलं की आतला ट्रान्सफॉर्मर जळतो आणि कधी कधी मशीनही सोबत जातं. प्लगला गोल पिनांचा कन्व्हर्टर लावल्याने व्होल्टेज कमी होत नाही, फक्त आकार बदलतो.

दुसरी गोष्ट आउटपुटची. मूळ अ‍ॅडॅप्टर हरवलेला असतो, म्हणून घरातल्या वायफाय राउटरचा लावून बघितला जातो. राउटरच्या पिनेत साधारणपणे मध्यभागी प्लस असतो. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हला आणि जपानी फॅमिकॉमला मध्यभागी मायनस लागतो. अमेरिकन निंटेंडोच्या मूळ अ‍ॅडॅप्टरमधून तर ९ व्होल्ट एसी येतं. अ‍ॅडॅप्टरवर गोलाचं छोटं चित्र असतं, त्यात मधल्या ठिपक्याला प्लस जोडलाय की मायनस ते दिसतं. मशीनच्या तळाशी तेच चित्र शोधा आणि दोन्ही जुळवा. मल्टिमीटर असेल तर मोजा. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर लोड नसताना १२-१३ व्होल्ट दिसले तर घाबरू नका, ते तसेच दाखवतात. पण चिन्ह उलटं आलं तर तिथेच थांबा.

वायर आणि डबा बरोबर आहे ना?

बाजारात एक वायर मिळते, एका टोकाला पिवळी-लाल-पांढरी पिन, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय, मध्ये काहीच नाही. तिने चित्र येणं शक्य नाही. पिवळ्या पिनेतून येतो तो अ‍ॅनालॉग सिग्नल, एका तारेवरून चढ-उतार करत जाणारं साधारण एक व्होल्टचं व्होल्टेज. एचडीएमआयला लागतात आकडे. मध्ये ते रूपांतर करणारी चिप आणि चिपला वीज हवीच. वायर परत करता येत असेल तर करा.

डबा, म्हणजे हे रूपांतर करणारा कन्व्हर्टर, घेतला असेल तर त्यावरची अक्षरं वाचा. सारख्याच आकाराचे, सारख्याच रंगाचे दोन डबे मिळतात. एक एव्हीचं (म्हणजे पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचं) एचडीएमआय करतो, दुसरा एचडीएमआयचं एव्ही करतो. दुसरा सेट-टॉप बॉक्स जुन्या टीव्हीला लावायला असतो. पिना दोन्हींत बसतात, त्यामुळे चूक कळतच नाही. आपल्याला पिवळ्या-लाल-पांढऱ्या भोकांच्या बाजूला 'इनपुट' लिहिलेला हवा.

मग टीव्हीच्या रिमोटवर सोर्स दाबून ज्या भोकात वायर आहे तोच एचडीएमआय निवडा. अगदी साधं आहे, पण मीसुद्धा दर वेळी इथूनच सुरुवात करते.

निळा पडदा ही चांगली खूण

गेम बंद ठेवा, फक्त डब्याला वीज द्या आणि टीव्हीकडे बघा. बहुतेक डबे आत काही येत नसेल तेव्हा स्वतःचा निळा किंवा काळा पडदा दाखवतात. तो दिसला तर डबा, एचडीएमआय वायर आणि टीव्ही तिन्ही बरोबर आहेत, दोष मशीन आणि डब्याच्या मध्ये आहे. टीव्ही 'नो सिग्नल'च म्हणत असेल तर दोष डब्यापासून पुढे आहे. अर्धा शोध इथेच संपतो.

'नो सिग्नल' असेल तर डब्यावरचं ७२०-१०८० चं बटण सरकवून बघा. काही जुने टीव्ही एकच स्वीकारतात. मग एचडीएमआय वायर बदला. मग वीज बदला. डब्याला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देणं सोयीचं वाटतं, पण ती कमी पडली की चित्र दर काही सेकंदांनी जातं-येतं. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर लावला की हा त्रास बऱ्याचदा लगेच थांबतो.

चित्र नाही आणि घर्रर्र आवाज

हे डबा न वापरता थेट टीव्हीला जोडणाऱ्यांसाठी. पुष्कळ एलईडी टीव्हींना आता तीन रंगीत भोकं नसतात, हेडफोनसारखं एकच भोक असतं आणि त्याला तीन शेपट्यांची वायर लागते. त्या पिनेवर चार पट्टे असतात. कुठल्या पट्ट्यावर चित्र, कुठल्यावर आवाज आणि कुठल्यावर ग्राउंड, हा क्रम सगळ्या कंपन्यांचा एक नाही. कॅमेऱ्याची जुनी वायर बसते म्हणून लावली की चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेने जातो आणि तोच घर्रर्र ऐकू येतो.

मशीनची पिवळी पिन काढून लाल भोकात घाला, मग पांढऱ्यात. या सिग्नलने काही जळत नाही, निर्धास्त करा. पुष्कळदा लालमध्ये चित्र उमटतं. मग राहिलेल्या दोन पिना आवाजाला लावा आणि वायरवर चिकटपट्टीने लिहून ठेवा. तिन्हींत काहीच नाही आलं तर ग्राउंडचा पट्टाच वेगळा आहे, त्या टीव्हीची योग्य वायर आणावी लागेल.

कृष्णधवल चित्र

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पिवळ्या पिनेतल्या एकाच तारेवरून उजेड-अंधार आणि रंग दोन्ही येतात. रंग एका ठरावीक कंपनावर स्वार होऊन येतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ते कंपन साधारण ४.४३ मेगाहर्ट्झचं, अमेरिका-जपानच्या एनटीएससीत ३.५८ मेगाहर्ट्झचं. पाल सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवते, एनटीएससी जवळजवळ ६० वेळा. टीव्ही एका सुरावर कान लावून बसला आणि मशीन दुसऱ्याच सुरात गायलं तर टीव्ही रंग सोडून देतो आणि नुसता उजेड-अंधार दाखवतो. म्हणून कृष्णधवल चित्र दिसलं की मला बरंच वाटतं. मशीन जिवंत आहे, चित्र पूर्ण आहे, हरवलाय तो फक्त सूर.

सोप्याकडून जाऊ. काही टीव्हींवर पिवळं आणि हिरवं भोक एकच असतं. हिरवं म्हणजे कंपोनंटचं, त्यात फक्त उजेडाचा भाग अपेक्षित असतो आणि रंग निळ्या-लाल वायरींतून. सोर्समध्ये कंपोनंट निवडलं गेलं असेल तर पिवळी पिन लावूनही रंग येणार नाही. एव्ही निवडा. मग टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'कलर सिस्टीम' शोधा. हा पर्याय पुष्कळदा एव्ही सोर्स चालू असतानाच दिसतो. तिथे ऑटो, पाल, एनटीएससी एकेक करून बघा. कन्व्हर्टरवर पाल-एनटीएससीचं बटण असेल तर तेही हलवा.

एवढ्याने झालं नाही तर वाशीच्या एका काकूंचं उदाहरण ऐका. मुलाचं पहिलं प्लेस्टेशन नातवासाठी काढलं, चित्र कृष्णधवल. त्यांनी एकामागून एक दोन कन्व्हर्टर आणले, फरक शून्य. ट्रान्स-हार्बर लोकलने पिशवीत सगळं घालून माझ्याकडे आल्या. मी वायरी लावत असताना सहज म्हणाल्या, "अगं, एका फुटबॉलच्या सीडीत रंग येतात, बाकी कशातच नाही." मी हातातली वायर खाली ठेवली. मशीन पालचं होतं, पण परदेशी सीडी चालाव्यात म्हणून त्यात पूर्वी कोणीतरी चिप बसवलेली. अशा मशीनमध्ये एनटीएससीची सीडी घातली की पडदा ६० वेळा रंगतो, पण रंगाचं कंपन मशीनच्या पालच्या घड्याळातून निघतं आणि टीव्हीला हव्या असलेल्या सुरापासून ढळतं. फुटबॉलची ती एकच सीडी युरोपची, म्हणजे पालची होती. ती घातली आणि हिरवंगार मैदान आलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे डबे चांगले होते?" चांगलेच होते.

यावर दोन उपाय. पालच्या सीडी वापरा, किंवा प्लेस्टेशनच्या मागच्या भोकातून आरजीबी वायर काढा आणि आरजीबी घेणारा कन्व्हर्टर वापरा. आरजीबीत लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांवरून येतात, त्यामुळे सुराचा प्रश्नच उरत नाही. परदेशी वायरींना रुंद चपटी स्कार्ट पिन असते. आपल्या टीव्हींना ती नसते, म्हणून स्कार्ट ते एचडीएमआय डबा घ्यावा लागतो. त्यातले स्वस्त डबे पुष्कळदा स्कार्टमधलाही नुसता पिवळा सिग्नलच घेतात. 'आरजीबी इनपुट' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.

प्लेस्टेशन २ ला छोटा एचडीएमआय अ‍ॅडॅप्टर लावून रंग हिरवे-जांभळे येत असतील किंवा पडदा काळा असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या सिस्टीम सेटिंगमध्ये 'कंपोनंट व्हिडिओ आउट' असतं, ते आरजीबीवर असेल तर वायपीबीपीआरवर न्या. चित्रच दिसत नसेल तर साधी पिवळी वायर लावून सेटिंग बदला आणि मग अ‍ॅडॅप्टर लावा.

फुंकर मारू नका

कॅसेट काढून फुंकर मारायची ही आपल्या सगळ्यांची लहानपणीची सवय. फुंकरीतला ओलावा कॅसेटच्या सोनेरी पट्ट्यांवर बसतो आणि त्या गंजतात. त्यात आपण खाडीकाठी राहतो. ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षभराची दमट हवा पिवळ्या पिनेच्या भोकातही काळपट थर चढवते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. कापूस गुंडाळलेली काडी त्यात भिजवून पट्ट्या पुसा. पहिली काडी काळी होईल, दुसरी राखाडी, तिसरी पांढरी निघाली की थांबा. दहा मिनिटं वाळू द्या. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पिवळी पिन भोकात घालून दोन-चार वेळा गोल फिरवली तरी थर खरवडला जातो.

सरकणारा गडद पट्टा

टीव्हीच्या मागची केबलची जाड वायर काढा आणि बघा. पट्टा गेला तर दोष गेममध्ये नाही. केबलवाल्याची वायर इमारतभर फिरून येते आणि तिच्या ग्राउंडचं व्होल्टेज आपल्या घरातल्या अर्थिंगशी जुळत नाही. दोन्ही टीव्हीत भेटले की ५० हर्ट्झची गुणगुण चित्रात शिरते. पालचं चित्रही सेकंदाला ५० वेळा येतं, म्हणून पट्टा इतका हळू सरकतो.

या कारणासाठी आणखी एक सवय लावून घ्या. एचडीएमआय वायर जोडताना-काढताना टीव्ही, डबा आणि मशीन तिघांचेही प्लग बंद ठेवा. मशीनच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हे नियमाने पाळा, नाहीतर टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट जाऊ शकतो. तो दुरुस्त करणं गेमपेक्षा महाग पडतं.

अँटेनाची वायर असलेले गेम

काही जुन्या गेमना पिवळी पिन नसते, फक्त अँटेनाची वायर असते. कन्व्हर्टरला ती जोडता येत नाही. टीव्हीच्या ट्यूनिंगमध्ये डिजिटल सोडून अ‍ॅनालॉग निवडा, गेम चालू ठेवा आणि मॅन्युअल शोध करा. अशा पुष्कळ गेमचं चॅनेल ३ किंवा ४ असतं. टीव्हीत अ‍ॅनालॉग नसेल तर घरातला बंद पडलेला व्हीसीआर शोधा. त्याची टेप चालत नसली तरी ट्यूनर बहुधा चालतो. गेमची वायर व्हीसीआरच्या अँटेनाच्या भोकात, व्हीसीआरची पिवळी पिन कन्व्हर्टरमध्ये.

दातेरी कडा आणि गायब होणारा खेळाडू

इथे सेटिंगने काम भागत नाही. टीव्हीचं प्रसारण एक चित्र दोन अर्ध्या भागांत पाठवायचं, आधी विषम ओळी, मग सम. जुन्या गेमनी तसं केलं नाही. ते दर वेळी त्याच ओळींवर पूर्ण नवं चित्र काढतात, २४० च्या आसपास ओळींचं. पिक्चर ट्यूबला याचं काही वाटत नसे. स्वस्त डब्याला वाटतं की हे दोन अर्धे भाग आहेत, आणि तो दोन वेगवेगळ्या क्षणांची चित्रं एकमेकांत विणून टाकतो. म्हणून कडा दातेरी. खेळाडूला मार बसला की तो एकाआड एक चित्रात दिसतो, म्हणजेच लुकलुकतो. डब्याने नेमका एक भाग टाकून दिला तर तो दिसतच नाही.

यासाठी २४० ओळी ओळखणारा स्केलर, म्हणजे जुनं चित्र नव्या टीव्हीच्या मापाचं करणारा जरा हुशार डबा, लागतो. रेट्रोटिंकचे २एक्स आणि ५एक्स पिवळी पिन घेतात. ओएसएससी नावाचा स्केलर उत्तम आहे, पण त्याला आरजीबी किंवा कंपोनंट लागतं, पिवळी पिन तो घेत नाही. जीबीएस-८२०० बोर्डावर जीबीएस-कंट्रोल हे सॉफ्टवेअर चढवणं स्वस्त पडतं, पण त्यात सोल्डरिंग आहे आणि पिवळी पिन त्यालाही चालत नाही. तुमच्या गेमला फक्त पिवळी पिन असेल तर महाग ओएसएससी मागवून पैसे अडकवू नका.

बदकं मारायची बंदूक मात्र एलईडी टीव्हीवर कुठल्याही कन्व्हर्टरने चालणार नाही. ती पिक्चर ट्यूबचा ओळीओळीने लुकलुकणारा उजेड हेरते. त्यासाठी जुना टीव्हीच जपून ठेवा.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी थोडक्यात

तीन ओळींत १५ भोकांचा जोड असेल तर तो व्हीजीए. त्याला वीज घेणारा व्हीजीए ते एचडीएमआय कन्व्हर्टर लागतो. विंडोज दिसतं आणि आधीचं काळं पान दिसत नाही, कारण ते पान सेकंदाला ७० वेळा रंगतं आणि ७० हर्ट्झ पुष्कळ टीव्हींना मान्य नसतं. कॉम्प्युटर बिघडलेला नाही. व्हीजीए भोक असलेला जुना एलसीडी मॉनिटर घ्या, तो बहुधा हे दाखवतो. मागे ९ भोकांचा जोड असेल तर तो व्हीजीएच्या आधीचा, त्याला व्हीजीएचा कन्व्हर्टर चालत नाही.

१९८४-८५ मध्ये 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर आले. तसा एखादा अजून कुणा मास्तरांकडे जपलेला असेल तर त्याचा व्हिडिओ जोड मुळातच कृष्णधवल चित्र देतो, तो दोष समजू नका. रंगासाठी त्याचं आरजीबीचं भोक आहे, आणि रास्पबेरी पाय झीरो या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावर चालणारा आरजीबी-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर आधी याच मशीनसाठी तयार झाला. पण त्याला वीज देण्याआधी पुढचा भाग वाचा.

कुठे थांबायचं

जुन्या बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सला जोडलेले कपॅसिटर असतात. वर्षांनुवर्षं त्यांच्या कवचाला बारीक चिरा पडतात, ओल आत जाते आणि वीज दिल्यावर ते फुटून दाट, उग्र वासाचा धूर निघतो. चालू करण्याआधी ते मेकॅनिककडून बदलून घ्या. कुठल्याही मशीनचा २३० व्होल्टचा पॉवर सप्लाय घरी उघडू नका.

पिक्चर ट्यूबचा टीव्ही किंवा मॉनिटर तर अजिबात उघडू नका. ट्यूबवर २० हजार व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो.

जळका वास, अ‍ॅडॅप्टर हात लावता येणार नाही इतका गरम, आतून सुर्र आवाज, बोर्डावर फुगलेले किंवा पाझरलेले कपॅसिटर, यापैकी काहीही दिसलं की प्लग काढा आणि पुढे काही करू नका. दुसऱ्या वायरीने आणि दुसऱ्या डब्यानेही निळा पडदा तसाच राहिला तर मशीनच्या आतला व्हिडिओचा भाग गेला असण्याची शक्यता आहे. तिथेही थांबा.

मेकॅनिक निवडताना मोबाइल दुरुस्त करणाऱ्यापेक्षा ज्याने पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त केलेत असा शोधा. नौपाड्याच्या, कोपरीच्या गल्ल्यांत असे काका अजून भेटतात. त्यांच्याकडे जाताना मशीनसोबत तुमचाच अ‍ॅडॅप्टर, तुमचीच वायर आणि तुमचाच डबा न्या, आणि टीव्हीवर काय दिसत होतं त्याचा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या.